उजवा कोपरा

"शेवाळेचा दुखरा गुडघा कुठला?" नाडगौडा साहेबांनी विचारलं.

"उजवा," मी म्हणालो. "पट्टी बांधतो तोच."

"नक्की?"

"पाच वर्षं त्याच्याबरोबर खेळलोय, साहेब."

शनिवारची दुपार होती आणि टायर कंपनीच्या क्रीडा विभागाच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. साहेबांच्या पुढ्यात भाजक्या शेंगांचा कागद होता. शेंग फोडून दाणे ते माझ्यासमोर सरकवत आणि टरफलं आपल्याकडे ठेवत. नाडगौडा म्हणजे कंपनीचे क्रीडा अधिकारी, आमच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक आणि आम्हा खेळाडूंपैकी कुणाला नोकरीत कायम करायचं ते ठरवणारा माणूस. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. ओरडणाऱ्या माणसांना मी कधी भ्यालो नाही, यांना भ्यायचो.

टेबलावर एक लांब लिफाफा होता. त्यात माझी ऑर्डर होती. सगळी टाइप झालेली, फक्त सहीची जागा मोकळी.

"उद्याची फायनल झाली की सही," साहेब म्हणाले. "दाणे घ्या, निवासराव."

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. त्याआधी सहा वर्षं मी पंप कंपनीकडून खेळलो. तिथं मी बदली कामगार होतो, म्हणजे खेळतोय तोवर नोकरी. जूनमध्ये टायरवाल्यांनी बोलावलं, कायम करतो म्हणाले, मी उडी मारली. इकडे शालनच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं की कायमची ऑर्डर दाखवा, मग तारीख धरू. दोन दिवाळ्या ती पोरगी माझ्यासाठी थांबली होती. तिच्याकडे मागण्या येतच होत्या आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिला कुणी थांबू दिलं नसतं. त्यामुळे त्या लिफाफ्यात माझा जीव अडकला होता म्हटलं तरी चालेल.

आणि उद्याची फायनल होती टायर कंपनी विरुद्ध पंप कंपनी.

जालिंदर शेवाळे हा पंपवाल्यांचा चढाईपटू. आमची गंमत अशी की आम्ही दोघंही त्याच दोन कंपन्यांकडून खेळलो, फक्त उलट्या बाजूनं. तो आधी टायरकडे होता. सहा वर्षांपूर्वी टायरवाल्यांनी त्याला काढलं, तो पंपात आला. मी पंपातून टायरकडे गेलो. त्याला का काढलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "साहेबाला माझं थोबाड आवडलं न्हाय."

मला मात्र एक कारण ठाऊक होतं, निदान मी तसं समजत होतो. त्या वर्षीच्या फायनलमध्ये मीच त्याला पकडलं होतं. मी तेव्हा पंपात नवा, उजव्या कोपऱ्यातला बचावपटू. महिन्यापूर्वी माझा डावा खांदा निखळून बसवलेला, जर्सीखाली पट्टा घालून उतरलो होतो. शेवटच्या मिनिटाला जालिंदर चढाईला आला, मी त्याच्या घोट्यावर झेपावलो आणि जिल्ह्यातल्या सगळ्यात तगड्या गड्याचा दम तुटला. सामना आम्ही जिंकलो. त्या एका पकडीवर माझं नाव झालं. पेपरात फोटो आला तो आईनं काचेत बसवून घेतला. पुढं मी कुठंही गेलो की लोक म्हणायचे, शेवाळेला धरणारा तो हाच.

पंपात आल्यावर जालिंदर रोज सरावात माझ्याच कोपऱ्यावर चढाई करायचा. चढाई करणाऱ्याचा डावा पाय उजव्या कोपऱ्यासमोर येतो. पाच वर्षं तो डावा पाय मी रोज वीस-पंचवीस वेळा धरला. त्याच्या पोटरीवर कुठं शीर फुगलेली आहे ते त्याच्या बायकोला माहीत नसेल, मला होतं. आमचा दोघांचा एक नियम होता. पकड फार आवळली की त्यानं "कबड्डी कबड्डी" थांबवायचं, म्हणजे दम सोडायचा, आणि त्या क्षणी मी पाय सोडायचा. तोंडानं "सोड" म्हणायची गरज नाही. दम थांबला की हात उघडायचे, इतकी सवय की मी झोपेतही सोडला असता.

दोन वर्षांपूर्वी एकदा मला उशीर झाला. अर्ध्या श्वासाचा. त्याच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी फाटलं. डॉक्टर म्हणाले खेळ बंद. खेळ बंद म्हणजे नोकरी बंद. तेव्हा मीच त्याला दवाखान्याबाहेरच्या बाकावर सुचवलं, "पट्टी उजव्याला बांध." प्रतिस्पर्धी पट्टी बघूनच पाय धरतात. तेव्हापासून तो पट्टी चांगल्या पायाला बांधायचा. बाहेरचे सगळे त्या उजव्या पायावर तुटून पडायचे आणि तो झटका देऊन निघून जायचा. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती.

म्हणून नाडगौडांना मी उजवा सांगितलं. तेवढी लाज शिल्लक होती.

रविवारी साडेतीनला सामना होता. साताठ हजार माणूस, तीन बाजूंना लाकडी गॅलऱ्या, मधे पाणी मारून दाबलेली लाल माती. मी टाचा मोकळ्या करत होतो तेव्हा जालिंदर मैदानाच्या कडेनं माझ्याकडे आला. उजव्या गुडघ्याला पांढरी पट्टी.

"बरा हाईस का रं?"

"बरा आहे. तू?"

"माझं काय." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "निवास, तिकडं कुणाला काय बोललास का? पायाचं?"

"नाही."

"मग बरं," तो म्हणाला. "मी सारखा तुझ्याच कोपऱ्यात येनार. बाकी समदी आज जनावरावानी अंगावर येत्यात, साहेबानं तसंच सांगितलं असनार. तुझ्याकडं मला भ्या न्हाय."

माझ्या खांद्यावर थाप मारून तो गेला. त्या वेळी मी त्याला खरं तेच सांगितलं होतं.

पहिल्या चढाईपासून सामना बिघडला. जालिंदर मधे घुसला आणि आमचा साळोखे, पंचाण्णव किलोचा मध्यरक्षक, त्याच्या उजव्या गुडघ्यावर खांद्यानं आदळला. आवाज गॅलरीपर्यंत गेला. जालिंदर कोलमडला, दोन्ही हातांनी माती ओरबाडत सरपटला आणि मध्यरेषेला बोटं लावली. उठताना त्यानं तोंडातली माती थुंकली, त्यात रक्त होतं. पंचांनी गुण त्याला दिला.

मग हे चालूच राहिलं. साळोखे पायावर पडायचा, डाव्या कोपऱ्यातला गडी बरगडीत कोपर मारायचा, एकानं तर पंचांची पाठ असताना पट्टीवर टाच रगडली. पंपवाल्यांनीही हात बांधून ठेवले नव्हते. त्यांच्या बचावानं आमच्या एका पोराला रेषेबाहेर असा फेकला की तो गॅलरीच्या खांबावर आपटला आणि कपाळ उघडं पडलं. त्याला टॉवेल गुंडाळून नेलं. लोक ओरडत होते, "अजून! अजून!" लोकांना काय, त्यांनी तिकीट काढलं होतं.

पाचव्या चढाईत जालिंदरनं साळोखेचा हिशेब चुकता केला. साळोखे वाकला तसा त्यानं मागं वळल्यासारखं करून लाथ हाणली. टाच सरळ तोंडात. साळोखे गुडघ्यांवर बसला आणि त्यानं ओंजळीत दोन दात थुंकले. दात खिशात घालायला जागा नाही म्हणून त्यानं ते पंचांकडे दिले. माणूस रानटी होता खरा, पण त्या क्षणी मला त्याची दया आली.

मध्यंतराआधी जालिंदर बोलल्याप्रमाणे माझ्या कोपऱ्यात आला. मी घोटा धरला. नेहमीचाच घोटा. बाकीचे वरून कोसळले आणि मला हातात जाणवलं की त्यांच्या वजनानं त्याचा डावा गुडघा बाहेरच्या बाजूला चालला आहे. त्याचं "कबड्डी" थांबलं. मी सोडला. शिट्टी झाली, तो बाद झाला, आम्हाला गुण मिळाला. लंगडत जाताना त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी सरावात हलवायचा.

ते नाडगौडांनी पाहिलं.

मध्यंतराला साहेबांनी मला तंबूमागे नेलं. साळोखे तिथंच तोंडात बर्फ धरून बसला होता, त्याला हातानं बाजूला जायची खूण केली.

"सात वेळा उजव्यावर पडला तो," साळोखेकडे बोट करून साहेब म्हणाले. "सात वेळा शेवाळे उठला. तुम्ही डावा नुसता धरलात आणि त्यानं दम सोडला."

मी तळहातांची माती जर्सीला पुसली.

"तुम्ही अजून पंपाचेच आहात का, निवासराव?"

"नाही, साहेब."

"मला पायाचं नाव नको. तो पाय तुमच्यासमोरच येतो." त्यांनी आतल्या खिशातून लिफाफा काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत ठेवला. "मी काही फाडणार नाही. एवढंच की तो आज चालत घरी गेला तर माझ्याच्यानं सही होणार नाही."

"आपण बारा-दहानं पुढं आहोत, साहेब. असंही जिंकू."

"पुढच्या वर्षीही तो खेळणारच ना?" ते म्हणाले. "पाणी प्या."

मी पाणी प्यालो. मला वाटलं होतं की असल्या वेळी माणसाच्या डोक्यात खूप काही येत असेल, पण माझ्या डोक्यात एकच येत होतं, शालनचा बाप दारात उभा राहून म्हणतोय, "ऑर्डर दाखवा."

दुसऱ्या डावात बाजू बदलल्या आणि मारामारी वाढली. पंचांनी दोघांना बाहेर काढलं, एक आमचा, एक त्यांचा. जालिंदर दोनदा माझ्या कोपऱ्यात आला. दोन्ही वेळा मी पुढे झालोच नाही, नुसते हात हलवले. दोन्ही वेळा तो गुण घेऊन गेला. तंबूकडे बघायचं मी टाळत होतो. साहेब उभे आहेत हे न बघताही कळत होतं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मी खाली वाकलो होतो आणि त्याच्या पलटीत त्याची टाच माझ्या तोंडावर बसली. मुद्दाम नव्हे, मीच चुकीच्या जागी होतो. ओठ फाटून हनुवटीपर्यंत आला. परत जाताना त्यानं हात वर करून माफी मागितली. ती मला दिसली. पण तोंडात रक्ताची चव होती, आणि मी स्वतःला म्हणालो, मारलं ना त्यानं. मला हवं ते निमित्त मिळालं होतं. इतका आनंद मला ओठ फुटल्याचा झाला, हे आजही कुणाला सांगायला जीभ रेटत नाही.

चार मिनिटं उरली. अठरा-सतरा, आम्ही एकानं पुढं. जालिंदर चढाईला आला. "कबड्डी कबड्डी कबड्डी", तो एका सुरात म्हणायचा, पाणी धारेनं सोडल्यासारखा. डावीकडे साळोखेला हूल दिली, मग सरळ माझ्याकडे आला. जिथं त्याला भ्या नव्हतं तिथं.

मी झेपावलो. घोटा दोन्ही हातांत पूर्ण आला, इतका पूर्ण की सरावातही कधी आला नसेल. छाती त्याच्या नडगीवर टाकली. साळोखे वरून पडला. आता तो कुठंही जाणार नव्हता. गुण आमचा होता, सामना आमचा होता. माझ्या कानाच्या वर हातभरावर त्याचं तोंड होतं.

दम थांबला.

मी हात उघडले नाहीत. घोटा छातीशी आवळून मी उजव्या कुशीवर पूर्ण वळलो, माझं सगळं वजन घेऊन वळलो. आधी काही झालं नाही. मग ऊस मोडतो तसा आवाज आला. त्यानंतर तो ओरडला. त्यानंतर शिट्टी वाजली. या चार गोष्टी याच क्रमानं झाल्या, मी त्या इतक्या वेळा मोजल्या आहेत की त्यात चूक नाही.

साळोखे बाजूला झाला. जालिंदरचा पाय गुडघ्यापासून भलतीकडे गेला होता. तो ओरडायचा थांबला आणि आपल्या पायाकडे बघत राहिला. पंपवाल्यांचा एक धावत येऊन माझ्या छातीत लाथ घालून गेला, मग दोन्ही संघ एकमेकांवर पडले, गॅलरीतून बाटल्या आल्या, पोलिसांनी काठ्या चालवल्या. त्या सगळ्या गोंधळात चार माणसांनी जालिंदरला फळीवर घालून नेलं. उजव्या पायाची पट्टी तशीच होती, पांढरी, आता मातीनं लाल.

चषक मिळाला. तंबूत साहेबांनी लिफाफा काढला, फायलीवर ठेवून सही केली, शाई वाळायला कागद हलवला.

"चांगलं काम केलंत," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी हेच काम मी शेवाळेला सांगितलं होतं. त्यानं केलं नाही."

"कसलं काम?"

"तुमचा खांदा." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "फायनलला तुमचा खांदा नुकताच बसवलेला होता. आम्हाला कळलं होतं. तुम्ही पायावर आलात की मोकळा गुडघा खांद्यावर टाकायचा, एवढंच सांगितलं होतं. तुम्ही आलात, खांदा त्याच्या गुडघ्याखाली होता. मी इथंच उभा होतो. त्यानं गुडघा आवरला आणि दम सोडला. तुमचे हात तर नीट बसलेही नव्हते." त्यांनी ऑर्डर माझ्या हातात दिली. "सामना गेला. मग त्याला ठेवून काय करायचं?"

मी कागद घेतला. घेतला, हे लिहायलाच हवं. बाहेर लोक माझं नाव घेऊन ओरडत होते.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. पाय वर टांगलेला, मांडीपासून खाली प्लास्टर. त्याची बायको मला बघून उठली आणि पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेली.

"ऑर्डर मिळाली?" जालिंदरनं विचारलं.

"मिळाली."

"शालनच्या बाला दावलीस का?"

"अजून नाही."

"दाव की. मग थांबलास कशाला?" तो छताकडे बघत होता. मी खांद्याचं विचारणार होतो. सहा वर्षं तू मला का सांगितलं नाहीस, शेवाळेला धरणारा म्हणून मिरवू का दिलंस, हे सगळं मनात जुळवून आणलं होतं. तेवढ्यात त्यानंच विचारलं.

"निवास, म्या दम सोडला हुता."

मी त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"तुला ऐकू आलं न्हाय का?"

त्याची मान आता माझ्याकडे वळली होती. रागाचं नावही नव्हतं चेहऱ्यावर, राग असता तर मी कदाचित खरं बोललो असतो. त्याला फक्त एक उत्तर हवं होतं आणि कुठलं हवं होतं तेही दिसत होतं.

"लई गोंगाट होता," मी म्हणालो. "नाही आलं."

त्यानं डोळे मिटले.

"मग बरं," तो म्हणाला.

पंपवाल्यांनी त्याला मार्चमध्ये कमी केलं. पुढं तो एका लाकडाच्या वखारीत दिवाणजी झाला, गावातल्या पोरींना कबड्डी शिकवू लागला. माझं लग्न झालं. टायर कंपनीतून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. नाडगौडांना दर दिवाळीला फराळ पाठवत राहिलो, ते गेले तोवर. भिंतीवरचा तो काचेतला फोटो मी एकदा काढला होता. शालननं "असं का केलं?" म्हणून परत लावला.

मागच्या साली जिल्हा संघटनेनं जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. निवेदकानं मोठ्या उत्साहानं सांगितलं की टायर आणि पंप, या दोन्ही नामवंत संघांकडून खेळलेले जिल्ह्यात दोनच खेळाडू आहेत, आणि दोघंही आज इथं आहेत. टाळ्या झाल्या. आम्हाला शेजारी उभं केलं. जालिंदरला आधाराशिवाय फार वेळ उभं राहता येत नाही. त्यानं काठी खुर्चीला टेकवली आणि हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला. सगळा भार टाकला. खांद्यानं तो घेतला, अजून धड आहे तो.

"दुखत न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्याचा श्वास माझ्या कानाशी लागत होता, तितकाच जवळ, हातभरावर. जालिंदर, मला ऐकू आलं होतं, एवढं वाक्य म्हणायला पुरेसा वेळ होता. फोटोवाला लेन्स पुसत होता. मग तो म्हणाला, "काका, इकडं बघा," आणि आम्ही तिकडं पाहिलं.